कसर लागली? फ्रीजरमध्ये ठेवा!

दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगावर उगाच संशय घेऊ नका. लोकरी-रेशमी कापडांची चाळण करणाऱ्या जातीला उजेडाचं वावडं असतं. शिवाय मोठेपणी त्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं! सगळा फडशा पाडते ती अळी, आणि तिला शालू, पिसांचा मुकुट, पेंढा भरलेला वाघ, काहीही चालतं.

एक जुना इलाज म्हणजे विष. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकूर नावाच्या औषधविक्याने पक्ष्यांच्या कातड्याला चोळायला सोमल घातलेला साबण बनवला. पक्षी टिकले, पण सोमलही टिकला. असे जुने नमुने आजही हातमोजे घालूनच हाताळावे लागतात.

आता किड्याला मारायचं, पण वस्तूला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी रीत आहे. कसर लागलेली शाल पॉलिथीनमध्ये गुंडाळतात, आतली हवा दाबून काढतात, कडा टेपने बंद करतात आणि उणे ३० अंशांवर तीन दिवस ठेवतात. गारठा झपाट्याने द्यावा लागतो. हळूहळू दिला तर किडे बेटे सरावतात! खरी कसोटी पुढेच. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. दव धरतं ते पॉलिथीनवर. आतली शाल कोरडीच राहते. तैलचित्राला मात्र ही थंडी सोसत नाही. अशा नाजूक वस्तूंसाठी नायट्रोजन भरलेला तंबू असतो. आत प्राणवायू अर्ध्या टक्क्याहूनही कमी. श्वासासाठी किडा अंगावरची छिद्रं सताड उघडी ठेवतो, त्यातून अंगातलं पाणी उडून जातं आणि काही आठवड्यांत तो सुकून मरतो.

किड्याला न मारताही भागतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, म्हणजे सरफोजीराजे भोसल्यांच्या पोथ्या आणि मोडी कागदांच्या घरी, वेखंड, लवंग, मिरी, कापूर यांच्या मिश्रणाने किडे दूर ठेवायची जुनी पद्धत आहे. वास आपल्याला आवडतो, किड्यांना नाही.

काही ठिकाणी तर शत्रूचा शत्रूच कामाला लावतात. इंग्लंडमधल्या ब्लिकलिंग हॉल या जुन्या वाड्यात २०२१ साली अर्ध्या मिलिमीटरच्या गांधीलमाश्या सोडल्या. त्या पतंगाच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. पोर्तुगालमध्ये कोइंब्रा विद्यापीठाच्या जुआनिना ग्रंथालयात रात्रपाळीला वटवाघळं असतात. ती किडे टिपतात; त्यांच्या लेंड्या पडू नयेत म्हणून टेबलांवर रोज रात्री चामडं अंथरायचं आणि सकाळी सफाई करायची. एवढी बडदास्त कुठल्या पहारेकऱ्याला मिळते?

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने तर कातडी-मांस खाणारे भुंगेरे चक्क पाळलेत. मेलेल्या प्राण्यांची हाडं ते इतकी लख्ख करतात की माणसाच्या हाताला जमणार नाही. काम संपलं की सांगाडा आधी फ्रीजरमध्ये जातो. एखादा कामसू भुंगेरा हाडाच्या पोकळीत बसून पेंढा भरलेल्या प्राण्यांपर्यंत पोचला, तर तो तिथेही तितक्याच मन लावून काम करील!