पक्के घर मिळेल, पण हवा येईल का?

वस्तीत पुनर्वसनाची बोलणी सुरू झाली की आपला पहिला प्रश्न असतो, घर किती चौरस फुटांचे? दुसरा, कितवा मजला? खोलीत हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे क्वचितच कोणी विचारते. या वेळी आम्ही तोच प्रश्न घेतला आहे, कारण त्याचा थेट संबंध क्षयरोगाशी, म्हणजे टीबीशी आहे.

फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की जंतूंचे बारीक कण हवेत जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. हवा खेळती असली की पांगतात, उन्हात जंतू मरतात. वरचा पंखा चालू असला की हवा आहे असे वाटते, पण तो आतलीच हवा आत फिरवतो.

मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडे याचा मोठा अनुभव आला. रेल्वे आणि रस्त्यांसाठी उठवलेल्या कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत घरे मिळाली. पक्क्या भिंती, घरात नळ, घरात संडास. हे काही थोडे नव्हे. पण कित्येक इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी या दोन वसाहती आणि जवळची पीएमजीपी कॉलनी यांची घरोघर पाहणी केली; ती २०१८ साली पुढे आली. पहिल्या दोन ठिकाणी टीबी कितीतरी जास्त निघाला. पीएमजीपीत इमारतींमधले अंतर जास्त आहे, घरांत ऊन-वारा येतो. तिन्हीकडे राहतात ती कष्टकरी माणसेच.

लोक खिडक्या का उघडत नाहीत, असे काही साहेब विचारतात. उघडणार कशा? मधल्या चिंचोळ्या बोळात वरून कचरा पडतो, घाण वास येतो, डास येतात, शिवाय समोरच्याचे घर हाताच्या अंतरावर. मग खिडकीला प्लॅस्टिक लागते आणि दिवसाही दिवा जळतो. हा दोष राहणाऱ्याचा नाही, नकाशाचा आहे.

किती अंतर हवे, हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. (बाबासाहेब परळच्या ज्या बीआयटी चाळीत राहत, ती याच ट्रस्टची.) सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, हेही खरे. पण त्याने उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला होता. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. सात मजली इमारत साधारण २० मीटर उंच धरली, तर समोर १० मीटर जागा हवी. ३ मीटरच्या बोळाला दोन मजलेच शोभतात. आज एसआरए योजनांत मोकळ्या जागेच्या नियमांना सवलत मिळते, आणि ती खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या छातीतून वसूल होते, असे आमचे मत आहे.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागा. मॉडेल घराचा रंगीत फोटो म्हणजे नकाशा नव्हे. दोन इमारतींमध्ये किती मीटर आणि इमारत किती उंच, हे लेखी घ्या. दाराच्या समोरच्या बाजूला खिडकी आहे का पाहा. एकाच बाजूला दार-खिडकी असेल तर हवा आरपार जात नाही. मधला पॅसेज दोन्ही टोकांना उघडा आहे का? मधल्या बोळातला कचरा रोज कोण उचलणार? वस्तीच्या बैठकीत हे प्रश्न महिला मंडळाने मांडावेत असे आम्ही सुचवतो, कारण दिवसाचा जास्त वेळ त्या घरात काढणाऱ्या बायकाच असतात.

आज ज्या घरात आहोत तिथेही थोडे करता येते. खिडकीसमोरचे कपाट हलवा. दार आणि खिडकी रोज काही वेळ एकदम उघडी ठेवा. एक्झॉस्ट फॅन परवडत नसेल तर टेबल फॅन खिडकीकडे तोंड करून लावा, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल. खोकणाऱ्या माणसाचे अंथरूण खिडकीजवळ घाला आणि त्याने तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा. त्याचे ताट-वाटी वेगळे करू नका. टीबी भांड्यांतून पसरत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रोज संध्याकाळी ताप, वजन उतरणे यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी बँकेचे पासबुक सोबत न्या.