ढोल आधी, गोष्ट मागून

दिवाळीच्या सुमारास यवतमाळहून मारेगाव, झरी-जामणीकडे निघालं की कोलाम आदिवासींच्या एखाद्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, ढोल ऐकू येतो. गाव दिसायच्या आधी ढोल पोचलेला असतो. ‘जैत रे जैत’ची गाणी मला लहानपणापासून पाठ होती, पण त्या चित्रपटात इतकी गाणी का, हे कळलं ते अशाच एका रस्त्यावर.

चित्रपटाचा नायक नाग्या ठाकर जमातीचा आहे, कोलाम नव्हे. त्याचा मुलूख पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या सुळक्याभोवतीचा. ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला, तिचा लेखक मात्र आपल्या वऱ्हाडातला. गो. नी. दांडेकर जन्मले परतवाड्याला, १९१६ साली. तेराव्या वर्षी घर सोडलं, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. कीर्तन असं अंगात मुरलेला माणूस गोष्ट लिहीत नाही, सांगतो. त्यांची वाक्यं मोठ्याने वाचली की हे लगेच कळतं.

असा सांगणारा पडद्यावर आणायचा कसा? दिग्दर्शक जब्बार पटेलांकडे याचं उत्तर आधीच तयार होतं. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये त्यांनी माणसांची भिंत उभी करून तिच्याकडून गाऊन घेतलं होतं. त्या नाटकातले नाना फडणवीस म्हणजे मोहन आगाशे. १९७७ साली तेच नाग्या झाले. नायिका चिंधी झाली स्मिता पाटील. निर्मिती उषा मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचं. आणि गीतं कोणाची, तर अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्याला शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांची! सिनेमासाठी ते प्रथमच लिहीत होते.

डझनावर गाणी, तरी एकही ‘आता गाणं’ म्हणून थांबत नाही. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांचे आवाज कथेकऱ्यासारखे सोबत चालतात. नवऱ्याला सोडून आलेल्या चिंधीला आपली बाजू मांडणारं लांबलचक भाषण दिलेलं नाही. सापाने कात सोडावी तशी ती मागचं आयुष्य टाकून देते, ते लताबाईंच्या स्वरात. कादंबरीला त्यासाठी पानं लागली असती. इथे ठेका बदलतो आणि बाई बदललेली दिसते.

माझी एक कुरकुर आहे. लताबाई-आशाबाईंचे आवाज फार घोटीव. ठाकरवाडीची धूळ त्यांना लागत नाही. साठ्यांचा आवाज आला की ती लागते. राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, तेव्हा माझ्या कुरकुरीला कोण विचारतो!

पुरस्कार चित्रपटाला, तसा मान दांडेकरांनाही: गोनीदा १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्याआधी, १९७३ साली, यवतमाळच्या संमेलनाने ग. दि. माडगूळकरांना त्या खुर्चीवर बसवलं होतं. कादंबरीवाल्यांच्या पंगतीत सिनेमाची गाणी लिहिणाऱ्याचा पाट आमच्या गावाने आधीच मांडला होता, याचा आम्हाला थोडा तोरा आहे.

‘जैत रे जैत’च्या गोष्टीतली एक बाब निसर्गाला धरून नाही. आग्यामोहोळाची राणीमाशी माणसावर धावून येत नाही, डंख मारतात त्या कामकरी माश्या. नाग्याचा डोळा मात्र राणीच घेते. मधमाश्यांचा अभ्यासक नाक मुरडेल; पण वैर धरायचं तर राणीशीच, कामकऱ्यांशी काय धरायचं? त्या एका डोळ्यापायी नाग्या मोहोळाच्या, लिंगोबाच्या कड्याला भिडतो आणि चिंधी त्याच्यामागे. मोहोळ पडतं, चिंधीही जाते. ‘जैत’ म्हणजे विजय. नावात तो दोनदा आहे.