हैदराबादचे केबीआर उद्यान : उन्हाळ्यात सकाळीच का गाठावे?

जळकोटवरून जाणारा महामार्ग थेट हैदराबादला पोहोचतो. दवाखाना, शिक्षण, नोकरी अशा कामांसाठी तिकडे जाणाऱ्यांना चारमिनार ठाऊक असतो. केबीआर उद्यान मात्र अनेकांचे राहूनच जाते.

बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्स या गजबजलेल्या भागात सुमारे दीडशे हेक्टरचे हे जंगल आहे. निजामाचे वारस मुकर्रम जाह यांचा चिरान पॅलेस आतच आहे. 1998 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

सकाळीच का?
झाडे सावली देतात, पानांतून वाफ सोडून हवाही गार करतात. पण उन्हाळ्यात इथल्या अनेक झाडांची पाने गळतात. शिवाय ग्रॅनाइटचे खडक दिवसभर तापतात आणि संध्याकाळीही धग सोडत राहतात. रात्रभर निवलेले खडक पहाटे गार असतात. मोरही तेव्हाच हमखास फिरताना दिसतात.

वाद कशाचा?
उड्डाणपुलांसाठी उद्यानाभोवतीची झाडे तोडण्याच्या योजनेला 2016 मध्ये नागरिकांनी विरोध केला. प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. कडेची झाडेच रस्त्यावरची धूळ आणि गोंगाट अडवतात, त्यामुळे हा आग्रह रास्तच म्हणावा लागेल.

जाताना पाण्याची बाटली घ्या. मोरांना दाणे मात्र टाकू नका.