सत्तावीस सेंट आणि स्वयंपाकघरातलं टेबल

“हातची नोकरी सोडून देशोदेशी भटकायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?” असा बेत कुणी बोलून दाखवला, की आपल्याकडे पहिलं उत्तर हेच मिळतं. त्यातून बोलणारी बाई असली, तर विचारायलाच नको!

पण मैत्रिणींनो, एका जोडप्याची हकिकत ऐका. मॉरीन मूळची बेलफास्टची. विसाव्या वर्षी ती लंडनला आली. १९७० साली तिथल्या रीजंट पार्कमधल्या एका बाकावर तिची टोनी व्हीलरशी ओळख झाली, १९७१ मध्ये लग्न झालं. टोनीला फोर्ड मोटार कंपनीत चांगली नोकरी मिळत होती. ती त्यानं नाकारली नाही, वर्षभर पुढे ढकलली. १९७२ मध्ये दोघं एका जुन्या गाडीतून निघाली. काबूलला गाडी विकली आणि पुढे मिळेल त्या वाहनानं पाकिस्तान, भारत, नेपाळ करत बालीला पोचली. तिथून शिडाच्या बोटीनं ऑस्ट्रेलिया गाठलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सिडनीत आली तेव्हा दोघांत मिळून शिल्लक होती सत्तावीस सेंट!

“बघा, मी म्हणत नव्हते?” असं एखादी म्हणेलही. पण पुढे काय झालं? दोघांनी पुन्हा नोकऱ्या धरल्या. भेटेल तो विचारायचा, कसे आलात, खर्च किती आला? तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी ९६ पानांची पुस्तिका तयार केली, स्वतःच्या हातांनी टाचली आणि १९७३ मध्ये विकायला काढली. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवास-पुस्तकांची ही सुरुवात. पुढे दोन मुलं झाली, तरी फिरणं थांबलं नाही. मुलांना घेऊन प्रवास कसा करावा, यावर मॉरीननं पुस्तकच लिहिलं.

सगळ्यांनाच असं यश येत नाही, हे खरं. त्यांची ती खुष्कीची वाटही १९७९ मधल्या इराण-अफगाणिस्तानातल्या उलथापालथीनंतर बंद पडली. शिवाय आपल्या पासपोर्टावर बऱ्याच देशांचा व्हिसा आधी काढावा लागतो, बँकेतली शिल्लक दाखवावी लागते.

म्हणून राजीनामा लिहिण्याआधी बिनपगारी रजा मिळते का, ते पाहा. विम्याचे हप्ते आणि परतल्यावरचा सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा. त्याला हात लावायचा नाही. पैसे तुमच्या नावच्या खात्यात असू द्या. पाठीवरची पिशवी भरून घराचा जिना दोनदा चढून बघा. धाप लागली, तर निम्मे कपडे काढून ठेवा!

आणि एक सांगू? नोकरी सोडणं आपल्याला काही नवं नाही. यजमानांची बदली झाली, मूल लहान आहे, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, की आपण मुकाट्यानं राजीनामा देतो. तेव्हा डोकं ठिकाणावर आहे का, असं कुणी विचारत नाही. स्वतःसाठी वर्षभर मागितलं, की मात्र साऱ्या घराला काळजी वाटते!

लगेच निघा, असं माझं म्हणणं नाही. पण बरेच देश पासपोर्टाची निदान सहा महिने मुदत बाकी आहे ना, ते पाहतात. पुढच्या खेपेला कपाट आवराल, तेव्हा आपल्या पासपोर्टावरची तारीख तेवढी बघून ठेवा.