ब्रुकलिन संघाचा एक हंगाम

खेळांतील यश सामान्यतः शेवटचा सामना कोणी जिंकला ह्यावरून मोजलें जातें. अमेरिकेंतील ब्रुकलिन डॉजर्स ह्या धंदेवाईक बेसबॉल संघाचा सन १९४७ चा हंगाम मात्र ह्या नियमास अपवाद आहे. त्या वर्षीं हा संघ शेवटचा सामना हरला; तरीहि विजेत्यांपेक्षां त्याचेंच नांव आज अधिक आदरानें घेतलें जातें. असें कां व्हावें, हें थोडक्यांत सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा आप्त म्हणावयास हरकत नाहीं. प्रत्येक पक्षांत नऊ गडी असतात. मैदानांत एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. प्रतिपक्षाच्या गड्यानें फेंकलेला चेंडू फलंदाज गोल दांड्यानें टोलवितो आणि पहिल्या ठाण्याकडे धांवत सुटतो. क्रमानें सर्व ठाणीं ओलांडून तो मूळ ठिकाणीं परत आला म्हणजे एक धांव होते. तीन गडी बाद झाले कीं दुसऱ्या पक्षाची पाळी येते, आणि प्रत्येक पक्षाच्या अशा नऊ पाळ्या झाल्या म्हणजे सामना संपतो. कधीं कधीं चेंडू टोलविला गेला नसतांहि चपळ गडी प्रतिपक्षाची नजर चुकवून पुढील ठाणें गांठतो; त्यास ‘ठाणें चोरणें’ म्हणतात. आट्यापाट्या खेळणाऱ्यांस ह्यांतील हुलकावणीची मौज निराळी सांगावयास नको.

त्या काळीं ‘नॅशनल लीग’ ह्या मंडळांत आठ संघ होते. प्रत्येक संघ इतर सात संघांशीं बावीस बावीस सामने खेळे. म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एकूण १५४ सामने होत. एका सामन्यांत दैव कोणासहि साह्य करील. परंतु १५४ सामन्यांत तें कोणाचीच सोबत करीत नाहीं. म्हणून बेसबॉलचा हंगाम ही कौशल्याइतकीच चिकाटीचीहि परीक्षा असते.

ह्या परीक्षेस बसण्याचा अधिकार मात्र सर्वांस नव्हता. सन १८८४ नंतर कृष्णवर्णी खेळाडूंस ह्या वरिष्ठ संघांत उघडपणें प्रवेश मिळाला नव्हता. तसा लेखी नियम कोठेंच नव्हता. तो संघमालकांचा आपसांतील संकेत होता. कृष्णवर्णी लोकांचे निराळे संघ असत, आणि त्यांतील कित्येक निष्णात खेळाडूंचें आयुष्य ह्या बंद दाराबाहेरच सरलें.

ब्रुकलिन संघाचे चालक ब्रँच रिकी ह्यांनीं हें दार उघडण्याचा निश्चय केला, आणि त्यासाठीं जॅकी रॉबिन्सन ह्या तरुणाची निवड केली. रॉबिन्सनचा जन्म सन १९१९ मध्यें जॉर्जिया प्रांतांत झाला. विद्यापीठांत असतां त्यानें चार खेळांत प्राविण्य मिळविलें होतें. पुढें तो सैन्यांत अधिकारी झाला. सन १९४४ मध्यें बसच्या मागील भागांत जाऊन बसण्याचें त्यानें नाकारलें. त्यावरून उद्भवलेल्या प्रकरणांत त्याच्यावर लष्करी न्यायालयांत खटला झाला, व तो निर्दोष सुटला. असा हा मानी पुरुष. त्याला रिकी ह्यांनीं सन १९४५ मध्यें अट घातली ती ही कीं, कितीहि अपमान झाला तरी उलट उत्तर द्यावयाचें नाहीं व हात उगारावयाचा नाहीं. एक मारामारी झाली असती तर तेवढ्याच निमित्तानें दार पुन्हा बंद झालें असतें. अन्याय करणाऱ्यांनीं मोकळें रहावें आणि सोसणाऱ्यानें ओठ मिटावे, ही गोष्ट न्यायाची नव्हती. तथापि मागून येणाऱ्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून रॉबिन्सननें ती पत्करली.

हंगामापूर्वींच संघांतील कांहीं गोऱ्या खेळाडूंनीं त्याच्याविरुद्ध अर्ज करण्याचा घाट घातला. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर ह्यांनीं कडक शब्दांत तो मोडून काढला. परंतु हंगामास आठवडाहि उरला नसतां निराळ्या कारणावरून खुद्द ड्युरोशर ह्यांनाच वर्षभर खेळापासून दूर ठेवण्यांत आलें. त्यांच्या जागीं लवकरच बासष्ट वर्षांचे शांत स्वभावाचे बर्ट शॉटन आले. ते खेळाडूंचा पोषाख न करितां नेहमींच्या कपड्यांतच बसत.

१५ एप्रिल १९४७ रोजीं एबेट्स फील्ड ह्या मैदानावर रॉबिन्सन प्रथम उतरला. त्या दिवशीं त्याचा एकहि टोला साधला नाहीं. पण त्यानें एक धांव काढली, व संघ ५-३ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यांत फिलाडेल्फिया संघानें व त्याच्या व्यवस्थापकानें त्याच्यावर शिव्यांचा भडिमार केला. रॉबिन्सन गप्प राहिला. तेव्हां त्याचा सहकारी एडी स्टँकी प्रतिपक्षावर गरजला कीं, उत्तर देऊं शकेल अशा माणसाशीं बोला! संघ एक होण्यास येथून आरंभ झाला. पुढें कांहीं हॉटेलांनीं त्यास जागा नाकारली, धमकीचीं पत्रें आलीं. तरी दुसऱ्या दिवशीं तो पहिल्या ठाण्यावर उभा असेच. सर्वांचींच मनें पालटलीं असें नव्हे. डिक्सी वॉकर ह्या नामांकित खेळाडूनें आपणांस दुसऱ्या संघांत पाठवावें असें पत्र रिकी ह्यांस लिहिलें होतें. तथापि तोहि हंगामभर संघासाठीं उत्तम खेळला.

हंगामाच्या अखेरीस हिशेब झाला तो असा: ब्रुकलिनचे विजय ९४, पराजय ६०, दुसऱ्या क्रमांकाचा सेंट लुईस संघ पांच सामन्यांनीं मागें. रॉबिन्सनच्या धांवा १२५, आणि चोरलेलीं ठाणीं २९. ठाणीं चोरण्यांत मंडळांतील कोणीहि त्याच्या पुढें नव्हता. नवोदित खेळाडूसाठीं त्या वर्षीं प्रथमच ठेवलेलें पारितोषिक त्यालाच मिळालें. कृष्णवर्णी खेळाडू घेतल्यास प्रेक्षक पाठ फिरवितील, ही भीतिहि खोटी ठरली. ब्रुकलिनच्या मैदानावर वर्षभरांत अठरा लाखांहून अधिक लोक आले. त्या मंडळांत तोंवर इतके कोणत्याच संघास लाभले नव्हते. हंगाम संपण्यापूर्वींच लॅरी डोबी क्लीव्हलंडकडून व डॅन बँकहेड खुद्द ब्रुकलिनकडून खेळूं लागले.

अजिंक्यपदासाठीं ब्रुकलिनची गांठ न्यूयॉर्क यांकीज ह्या बलाढ्य संघाशीं पडली. सात सामन्यांपैकीं चार जिंकील तो अजिंक्य. चौथ्या सामन्यांत यांकीजच्या बिल बेव्हन्सनें शेवटच्या पाळीचे दोन गडी बाद होईपर्यंत ब्रुकलिनला एकहि टोला साधूं दिला नाहीं. यांकीज २-१ असे पुढें होते. अशा वेळीं बदली म्हणून आलेल्या कुकी लाव्हागेटोनें चेंडू थेट कुंपणाच्या भिंतीवर आदळला. दोन गडी धांवत घरीं आले, आणि त्या एकाच टोल्यावर ब्रुकलिननें सामना ३-२ असा जिंकला. पण सातवा सामना यांकीजनीं ५-२ असा जिंकून अजिंक्यपद मिळविलें.

पुढें सन १९४९ पर्यंत मौनाची अट सुटली, व रॉबिन्सन आपलें मत निर्भयपणें बोलूं लागला. ब्रुकलिननें अजिंक्यपद सन १९५५ मध्यें मिळविलें. सन १९५७ च्या हंगामानंतर तो संघ लॉस अँजेलिस येथें गेला. एबेट्स फील्ड सन १९६० मध्यें पाडण्यांत आलें. मैदान राहिलें नाहीं, पण रॉबिन्सनच्या पाठीवरील ४२ हा आंकडा राहिला. सन १९९७ मध्यें वरिष्ठ संघांनीं तो त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला, आणि सन २००९ पासून दरवर्षीं १५ एप्रिल रोजीं सर्व संघांचे खेळाडू तोच आंकडा धारण करून खेळतात.

विद्यार्थिमित्रहो, एका दिवसाचें धैर्य पुष्कळांस साधतें. परंतु पूर्वग्रह एका दिवसांत जात नाहीं. तो दगडाप्रमाणें रोजच्या थेंबानें झिजतो. १५४ सामन्यांच्या त्या हंगामांत असा थेंब रोज पडत होता. शेवटचा सामना हरूनहि ब्रुकलिननें काय जिंकलें, ह्याचें उत्तर एवढेंच कीं, त्यानंतर मैदानाचें दार पुन्हा बंद करणें कोणासहि शक्य झालें नाहीं.