तळटीप आणि बांबू

संविधानाची प्रत हातात आली की माझी नजर आधी पानाच्या तळाशी जाते. सवय जुनी आहे. वर कलम असते आणि खाली बारीक टायपात त्याचा जन्मदाखला. मुळात कोणते शब्द होते, मागाहून कोणते आले, कोणत्या साली आले, ते तिथे कळते. राज्याने पर्यावरण, वने आणि वन्यजीव यांचे रक्षण करावे असे सांगणारे कलम ४८-क काढून पाहा. तळटीप सांगते की ते १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले. ही तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही.

कारण ते आणीबाणीचे दिवस होते. विरोधी नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, लोकसभेची मुदत संपूनही वाढवून घेतलेली. संविधानदुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे ज्या दुरुस्तीने ठरवले, तिनेच झाडे आणि वन्यप्राणी संविधानात आणले. नागरिकाने निसर्ग जपावा हे मूलभूत कर्तव्यही, कलम ५१-क मधले, तेव्हाचेच. इंदिरा गांधींच्या निसर्गप्रेमाबद्दल मला शंका नाही. १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेला यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज हजर राहिलेल्या त्या एकट्या पंतप्रधान होत्या. पण जंगल वाचवण्याची आज्ञा निघाली तेव्हा जंगलात राहणाऱ्याला तोंड उघडण्याची मुभा नव्हती, हेही तितकेच खरे.

याच दुरुस्तीने केलेला आणखी एक बदल सातव्या अनुसूचीत सापडतो. वने आणि वन्यप्राणी हे विषय तोवर राज्यसूचीत होते. ते उचलून समवर्ती सूचीत १७-क आणि १७-ख म्हणून बसवले. पुढे जनता सरकारने चव्वेचाळिसावी दुरुस्ती करून आणीबाणीतले बरेच काही पुसले, या नोंदींना मात्र हात लावला नाही. मग १९८०चा वनसंवर्धन कायदा आला आणि जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागू लागली. १९९६ साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगल या शब्दाचा कोशातला अर्थच प्रमाण मानला. यातून जंगले वाचली, हे कबूल केलेच पाहिजे. पण सचिवालय, मंत्रालय, न्यायालय या सगळ्या वाटेत गाव कुठे लागत नव्हते.

ते लागले गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात. मेंढा, म्हणजेच मेंढा-लेखा, हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वांना पाठ आहे, त्यामुळे तो इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. गावाचे नेते देवाजी तोफा, सोबतीला कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत आणि त्याआधी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट. मला खिळवून ठेवले ते २००९ नंतरच्या भांडणाने. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारे मेंढा हे देशातले पहिले गाव ठरले. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क लेखी मान्य झाला. गावाने बांबू तोडून विकायचे ठरवले आणि घोडे अडले टीपीवर. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. तो असल्याशिवाय बांबू गावाबाहेर जाऊ शकत नाही आणि परवान्याचे पुस्तक होते वनखात्याच्या हातात. बांबू तुमचा, पण तो नेता येणार नाही!

खात्याचा आधार होता १९२७चा भारतीय वन कायदा. त्याच्या व्याख्येत तेव्हा झाड या शब्दात ताड-माड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत हे सगळे येत होते; बांबू त्यातून वगळला गेला तो २०१७ साली. बांबू हे गवत आहे हे वनस्पतिशास्त्र शिकणारा मुलगाही सांगेल, पण कायद्याने त्याचे झाड केले होते आणि झाड म्हटले की ते खात्याचे. आता २००६चा वनहक्क कायदा उघडा. गौण वनोपजाच्या व्याख्येत पहिले चार शब्द काय आहेत? बांबू, झुडपे, खुंट, वेत. त्याच्यापुढे टसर, मध, मेण, लाख, तेंदूपाने. दोन्ही व्याख्या मी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा अंगावर काटा आला. इंग्रजांच्या यादीतले तेच चार शब्द एकेक करून काढून गावाच्या ओंजळीत घातले आहेत. मसुदा लिहिणाऱ्याने जुना कायदा समोर ठेवूनच हे केले असावे, असे मला वाटते.

२१ मार्च २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचे कळवले. २७ एप्रिलला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. माझ्या लेखी ते परवान्याचे पुस्तक ४८-क इतकेच मोलाचे आहे.

२०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर याच वनहक्क कायद्याचे दुसरे टोक दिसले. बॉक्साइटच्या खाणीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांवर सोपवला. राज्य सरकारने शंभराहून अधिक वस्त्यांमधून फक्त बारा निवडल्या. बाराच्या बाराही नाही म्हणाल्या.

आता हवामानबदलाची चर्चा मराठीत होते तेव्हा ‘हवामान आणीबाणी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मला तो टोचतो. संकट खोटे आहे म्हणून नव्हे. पाऊस, उष्मा, पीक, सगळेच त्याची साक्ष देते. टोचतो, कारण आणीबाणीचे पहिले मागणे घाई असते आणि घाईत पहिला बळी जातो तो विचारण्याचा. वीज हवी, खनिजे हवीत, सीमा सुरक्षित हवी, तीही आताच हवी. २०२३ साली वनसंवर्धन कायदा बदलला तेव्हा सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या रेषीय प्रकल्पांना वगळले ते याच युक्तिवादावर.

संकटात लोकांना विचारत बसता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी इक्वेडोरकडे पाहावे. निसर्गाला हक्क देणारे संविधान या देशाने २००८ साली स्वीकारले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचा खून झाला, देशात आणीबाणी पुकारली गेली. अकराच दिवसांनी, २० ऑगस्टला, त्याच लोकांना विचारले गेले की यासुनीच्या जंगलाखालचे तेल काढायचे की तसेच ठेवायचे. तेलावर पोट भरणाऱ्या त्या देशात सुमारे ५९ टक्के लोकांनी ते जमिनीतच राहू द्या म्हणून कौल दिला.

आपल्याकडे उलटी वाट धरली गेली आहे. जून २०२२च्या वनसंवर्धन नियमांपासून केंद्र आधी मंजुरी देते आणि ग्रामसभेचे हक्क, तिची संमती हे सगळे राज्याने नंतर पाहायचे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने याला हरकत घेतली होती, ती मला शंभर टक्के रास्त वाटते. मंजुरी झाल्यावर मागितलेली संमती ही संमतीच नव्हे. नियमगिरीत विचारणा आधी झाली म्हणून त्या नकाराला वजन आले.

येत्या २६ जानेवारीला आपल्या गावात ग्रामसभा असेल. तिला जा, आणि कोरमअभावी ती तहकूब होऊ देऊ नका.