पडद्यावरील जागा कोणाची?

इंदूर शहरात परगावच्या पाहुण्याला पत्ता सांगावयाचा झाला, म्हणजे सांगणारा सहजच राजवाड्यापासून आरंभ करतो. राजवाड्यापासून इतके पूर्वेस, तेथून इतके दक्षिणेस, एवढे म्हटले की घर सापडते. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या प्रोग्रामची खिडकी ठराविक जागी उघडावयाची असली, तरी हीच रीत पत्करावी लागते. पडद्याचा राजवाडा म्हणजे त्याचा वरचा डावा कोपरा. तेथून उजवीकडे किती ठिपके आणि खाली किती ठिपके, ह्या दोन आकड्यांनी खिडकीचा पत्ता ठरतो. ह्या ठिपक्यांना पिक्सेल असे म्हणतात.

शाळेतल्या आलेखात वर जावे तशी संख्या वाढते. पडद्यावर मात्र ती खाली जाताना वाढते. जुन्या काचनळीच्या पडद्यावर विद्युत्किरण वरून खाली ओळीमागून ओळ रेखीत असे, आणि मोजणीची तीच दिशा पुढे रूढ राहिली. आणखी एक गुंतागुंत आहे. ओपन-जीएल ही १९९२ साली पुढे आलेली चित्ररेखनाची पद्धत खिडकीच्या आतील मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून करते. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये खिडकीची जागा वरून मोजावयाची आणि खिडकीतील चित्र खालून मोजावयाचे. नवशिक्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ बहुधा येथेच होतो.

खिडकी उघडण्याचे काम प्रत्येक प्रोग्रामरने मुळापासून करू नये, म्हणून तयार आज्ञांचे संग्रह उपलब्ध आहेत. त्यांना लायब्ररी म्हणतात. मार्क किलगार्ड यांनी १९९० नंतरच्या दशकात रचलेली ग्लूट, सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली आरंभिलेली एसडीएल आणि अलीकडची जीएलएफडब्ल्यू ही त्यांतील परिचित नावे होत. ह्या सर्वांत खिडकीची जागा सांगण्याची सोय आहे. हिशेबही सोपा आहे. पडदा १९२० पिक्सेल रुंद व १०८० पिक्सेल उंच आहे आणि खिडकी ८०० रुंद व ६०० उंच आहे, असे समजू या. रुंदीतून रुंदी वजा करून निम्मे केले की ५६० येतात; उंचीचे तसेच केले की २४० येतात. खिडकी ह्या पत्त्यावर ठेवली की ती बरोबर मध्यभागी येते. तळाशी ४० पिक्सेलची पट्टी असेल, तर ती वगळून हिशेब करावा. मग २४० च्या जागी २२० येतात. खिडकीच्या माथ्यावरील नावाची पट्टी मोजणीत धरली आहे की नाही, हेही पाहावे लागते. नाही तर ती पट्टीच पडद्याबाहेर जाते आणि खिडकी धरून ओढावयास काही उरत नाही.

येथवर सारे गणित झाले. परंतु गणित बरोबर असूनही खिडकी भलत्याच ठिकाणी उघडते, असा अनुभव अनेकांना येतो. ह्याचे कारण गणितात शोधून सापडत नाही, ते अधिकाराच्या प्रश्नात आहे. रात्री इंदूरच्या सराफ्यात पेढ्या बंद झाल्यावर खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. दुकान ज्याचे त्याचे असले, तरी रस्ता बाजाराचा असतो आणि येणाजाणाऱ्यांची वाट मोकळी ठेवावीच लागते. पडद्याचेही तसेच आहे. खिडकी प्रोग्रामची, पण पडदा ऑपरेटिंग सिस्टीमच्या खिडकी-व्यवस्थापकाचा. प्रोग्रामने जागा सांगणे ही आज्ञा नसून विनंती असते. ग्लूटमध्ये उणे संख्या दिली, तर तिचा अर्थच ‘जागा तुम्ही ठरवा’ असा होतो. एसडीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत खिडकी निर्माण करणाऱ्या मुख्य आज्ञेतून जागेचे आकडे काढूनच टाकले आहेत. ती मागणी पुढे वेगळी करावयाची असते.

एकाहून अधिक पडदे असले म्हणजे ह्या भेदाचे महत्त्व वाढते. मुख्य पडद्याच्या डावीकडे तेवढाच दुसरा पडदा मांडला, तर त्याची डावी कड उणे १९२० वर येते. मूळ ग्लूटला उणे संख्या वेगळ्या अर्थाने कळत असल्यामुळे नव्या खिडकीसाठी त्या पडद्यावरची जागा मागताच येत नाही. वर्गात प्रोजेक्टर जोडून तेथे खिडकी ठेवली, प्रोग्रामने ती जागा लक्षात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर नसताना तीच जागा मागितली, तर खिडकी उघडूनही कोणास दिसत नाही. विद्यार्थी मात्र प्रोग्राम बिघडला असे समजून बसतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉनांचे साठवण-कडे आहे. त्याचा परीघ १७२.५ मीटर असून त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेता येते. अशा यंत्रावर देखरेख करणाऱ्या माणसाची नजर ठराविक आकडा ठराविक ठिकाणी शोधावयास सरावते. धोक्याच्या सूचनेवर दुसरीच खिडकी येऊन बसली, तर जाणारे क्षण मोलाचे असतात. म्हणून तेथे जागा निश्चित असणे हिताचे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कोणत्याही प्रोग्रामला वाटेल तेथे खिडकी उघडता आली, तर लबाड प्रोग्राम बँकेच्या खिडकीवर हुबेहूब आपली खिडकी बसवून परवलीचा शब्द काढून घेईल. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जन्मलेल्या ‘एक्स’ ह्या खिडकी-पद्धतीने प्रोग्रामांवर पुष्कळ विश्वास टाकला होता. २००८ साली आरंभ झालेल्या वेलँड पद्धतीने तो आखडता घेतला. तिच्यात सामान्य प्रोग्रामला आपली खिडकी संपूर्ण पडद्यावर कोठे आहे हे कळतही नाही, मग ती हलविणे दूरच राहिले. फेडोरा ह्या लिनक्स वितरणाने २०१६ पासून ही पद्धत प्रथम पसंतीची केली. तेव्हापासून विंडोजवर चालणारी जागेची आज्ञा येथे का चालत नाही, असा प्रश्न कित्येकांना पडतो. त्यांच्या प्रोग्राममध्ये दोष नसतो. ज्याचा पडदा, त्याने अधिकार आपल्याकडे घेतलेला असतो.

तेव्हा शहाण्या प्रोग्रामरने चार गोष्टी कराव्या. आधी किती पडदे जोडलेले आहेत आणि त्यांचा वापरण्याजोगा भाग किती, हे विचारून घ्यावे. मग जागा मागावी. जागा मिळाली की नाही, हे शक्य तेथे तपासून पाहावे. आणि जुनी लक्षात ठेवलेली जागा आज अस्तित्वात नसेल, तर हट्ट सोडून व्यवस्थापक देईल ती जागा घ्यावी. जेथे खिडकी हलता कामा नये, तेथे प्रोग्रामवर विसंबून न राहता व्यवस्थापकाच्याच नियमांत ती जागा राखून ठेवावी. असे केले म्हणजे मागणाऱ्याचे काम अडत नाही आणि पडद्यापुढे बसलेल्या माणसाची फसवणूकही होत नाही.